त्रिरश्मी डोंगरावरील यवन



परदेशप्रवास आता पूर्वीइतका दुर्लभ राहिलेला नाही. कोणी ईजिप्तचे पिरॅमिड पाहून येतो, कोणी कंबोडियातील अंकोरवाट. आणि त्या दगडी सृष्टीपुढे आपण कसे थक्क झालो, हे घरी येऊन सांगतो. हा विस्मय खरा आहे. परंतु दूर देशीच्या प्राचीन स्थळी जाणाऱ्या प्रवाशाने तेथून काय घ्यावे आणि तेथे काय ठेवावे, ह्याचा विचार क्वचितच होतो. त्यासाठी आम्हां सटाणेकरांना समुद्र ओलांडावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, नाशिक शहराजवळच्या पांडवलेण्यांत, असे परदेशस्थ प्रवासी दगडावर नाव ठेवून गेले आहेत.

ह्या लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली असून त्यांतील बहुतेक काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचे आहे. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत ते ‘तिरण्हु’ असे येते. भडोच आणि सोपारा ह्या बंदरांतून दख्खनेत जाणारा माल त्या काळी ह्या मुलखातून जात असे. मालाबरोबर माणसेही येत.

सतरा क्रमांकाच्या लेण्यातील लेख पाहा. दत्तामित्री नगरचा, उत्तरेकडील यवन, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त ह्याने हे लेणे, आतील चैत्यगृह व पाण्याच्या टाक्या करविल्या, असे त्यात म्हटले आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. त्याचे नगर विद्वान लोक सिंधमध्ये किंवा त्याहूनही वायव्येस शोधतात. त्याने हे दान आईबापांच्या पुण्यार्थ, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, धम्मरक्षित नावाच्या पुत्रासह भिक्षुसंघास दिले. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या मनुष्यास अनोळखी डोंगरावर आईबापांची आठवण झाली, आणि मुलाचे नाव पाहावे तर ते धर्माचे. तीन पिढ्या एका लेखात आल्या!

आता तीन क्रमांकाच्या लेण्यात या. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी राजमाता गौतमी बलश्रीने कोरविलेला लेख तेथे आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी शक, यवन व पह्लव ह्यांचा संहार करणारा होता, असे ती अभिमानाने सांगते. एकाच डोंगरावर एकीकडे यवनांच्या संहाराची कीर्ती आणि दुसरीकडे यवनाचे दान! रणांगणावरील वैर ह्या डोंगरास अपरिचित नव्हते, तरीही दोन्ही लेख येथे टिकले.

शकांचेही तसेच. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात हा शक. त्याने संघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण व्याज. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. त्यातून वर्षाकाळी राहणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेविली. पाणी, वस्त्र, औषध ही काही दिपविणारी दाने नव्हेत. मागून येणाऱ्या अनोळखी मनुष्याची गरज ओळखून दिलेली ती दाने आहेत.

आज प्राचीन भिंतींवर स्वतःची नावे खरडणारे प्रवासी देशोदेशी आढळतात. संरक्षित वास्तूंच्या बाबतीत आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे. कोणी म्हणेल, इंद्राग्निदत्तानेही नावच कोरविले ना? होय, पण आधी त्याने तहानलेल्यासाठी पाण्याची टाकी खोदविली, आणि मग नाव कोरविले. आपल्याला तेथे काही खोदावयाचे नाही. जे आहे ते अबाधित ठेवणे आणि तेथील लेख कोणाचा, कशासाठी, हे विचारून घेणे, एवढे दान आपल्या हाती आहे.

म्हणून परदेशी जाण्यापूर्वी एकदा मुलाबाळांसह त्रिरश्मीच्या पायऱ्या चढाव्या. दूरचा प्रवासी आपल्या दारी कसा वागला हे पाहिले म्हणजे आपण दुसऱ्याच्या दारी कसे वागावे, हे निराळे शिकवावे लागणार नाही.