सेकंड हँड फोर बाय फोर घेताय? आधी दिवस मोजा, मग गाडी बघा



मागच्या व्हिडिओनंतर रत्नागिरीकडच्या एका तरुणाचा फोन आला. "सर, जुनी थार मिळतेय, साडेसहा लाखांत. घेऊ का?" मी विचारलं, धंदा कुठला? म्हणाला, आंब्याच्या बागांमध्ये फवारणीची सर्व्हिस द्यायची आहे. ट्रेलरवर 1000 लिटरची टाकी आणि पंप ठेवायचा, बागेत ओढत न्यायचा. बाकीच्या दिवशी तीच गाडी घरच्या कामाला, बाजाराला. मी विचारलं, एकूण भांडवल किती? म्हणाला, "आठ लाख. त्यात दोन लाख आईचे दागिने ठेवून घेतलेत."

आता बघा. साडेसहा लाख गाडीत गेले, तर पंप, टाकी, ट्रेलर, डिझेल, मजुरी, सगळं दीड लाखात बसवायचं. म्हणजे गाडी दारात उभी आणि धंदा मात्र उभाच राहिला नाही! म्हणून आज सविस्तर लिहितोय. गाडी आवडते म्हणून घेणं वेगळं आणि धंद्याला परवडते म्हणून घेणं वेगळं.

पहिला प्रश्न: वर्षातले किती दिवस?

फोर बाय फोर आपण ओढायच्या दिवसांसाठी घेतो, पण तिचा खर्च 365 दिवस भरतो. हिशोब मांडू. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणार. साधी टू व्हील ड्राइव्ह पिकअप लिटरला 14 देते आणि फोर बाय फोर 10. डिझेल 90 रुपये धरलं, तर साधीला 77,000 आणि फोर बाय फोरला 1,08,000 रुपये. फरक 31,000. ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, टायर असा जादा मेंटेनन्स 15,000 धरा. गाडी दोन लाखांनी महाग पडली, तर 10 टक्क्यांनी व्याज 20,000. एकूण झाले 66,000 रुपये.

आता गावातला ट्रॅक्टर दिवसाला 1500 रुपयांनी मिळतो असं समजा. 66,000 भागिले 1500, म्हणजे 44 दिवस. वर्षातले 44 दिवस तरी खरोखर चिखलात, चढात ट्रेलर ओढायचा असेल तरच फोर बाय फोर परवडते. त्याखाली असाल तर साधी गाडी घ्या आणि ट्रॅक्टर भाड्याने सांगा.

मंडपवाल्याचा जनरेटर ट्रेलर डांबरी रस्त्यानेच हॉलपर्यंत जातो. त्याला फोर बाय फोर कशाला? फवारणीवाल्या मुलाने मात्र वहीत लिहून काढलं, मोहोरापासून फळ तयार होईपर्यंत त्याचे 70 दिवस भरत होते, आणि बागा सगळ्या कातळावर, उतारावर. त्याची गरज खरी होती. चुकत होती ती गाडी आणि बजेट.

दुसरा प्रश्न: वजन किती?

पाण्याचा हिशोब सोपा आहे. 1000 लिटर म्हणजे 1000 किलो. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन, टाकी, पंप धरा, 1400 किलोपर्यंत सहज जातं. गाडी किती ओढू शकते हे मालकाला विचारू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. ब्रेक असलेला ट्रेलर आणि ब्रेक नसलेला ट्रेलर यांचे आकडे वेगळे असतात.

आणि एक गोष्ट लिहूनच ठेवा: ओढणं सोपं, थांबवणं अवघड. घाट उतरताना भरलेला ट्रेलर मागून गाडीला ढकलतो. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा. ट्रेलरमध्ये वजन थोडं पुढच्या बाजूला ठेवा. मागे जास्त झालं की ट्रेलर झुलायला लागतो. टाकी अर्धी भरलेली असेल तर पाणी हिंदकळतं, तेही धोक्याचं.

तिसरा प्रश्न: गाडी कुठल्या जातीची?

थार, गुरखा चढाला जबरदस्त. पण लांबीला आखूड, त्यामुळे जड ट्रेलर त्यांना जास्त हलवतो, आणि सामानाला जागा कमी. बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह, झेनॉन, गेटवे, व्ही-क्रॉस या चॅसीवर बांधलेल्या पिकअप. माल मागे, ट्रेलर त्याच्या मागे, धंद्याला जास्त सोयीच्या. डस्टर ऑल व्हील ड्राइव्हसारखी गाडी रोज चालवायला आरामाची, पण तिला लो रेंज नाही, तिच्याकडून जड कामाची अपेक्षा ठेवू नका. मॉडेल बंद झालेलं असेल तर सौदा करायच्या आधी ट्रान्सफर केसचे पार्ट मिळतात का, हे मेकॅनिकला विचारा.

बघायला जाल तेव्हा

इथे माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक फोर बाय फोर पिकअप घेतली. ट्रायल घेतली डांबरी रस्त्यावर, टू व्हीलमध्ये. गाडी मस्त पळाली. पहिल्या पावसात साइटवर रुतली, लिव्हर टाकला, डॅशबोर्डवर लाइट लागला, आणि पुढची चाकं ढिम्म! तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये, बिल 48,000, आणि हातातलं काम दुसऱ्याकडे गेलं. विकणारा म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही." खरं होतं, विचारलं नव्हतं.

तुम्ही असं करा:

1. गाडी मोकळ्या मातीच्या जागेवर न्या. फोर एच टाका, पुढची चाकं खरंच ओढतात का बघा. मग गाडी थांबवून फोर एल टाका आणि पहिल्या गिअरमध्ये हळू चालवा. खडखडाट आला, गिअर सुटला, तर सौदा तिथेच थांबवा. ही चाचणी कोरड्या डांबरावर वळणं घेत करू नका. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो.

2. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आहेत का बघा.

3. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघायला सांगा. दुधाळ चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलंय.

4. खाली झोपून चॅसी बघा. किनाऱ्यावरच्या गाडीला खारी हवा खाते. नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघा. सीटच्या पट्ट्यांना गंज, कार्पेटखाली बारीक गाळ म्हणजे पुराची गाडी असू शकते. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 ला चिपळूणला काय झालं, ते आपण पाहिलंय.

5. चढावर गाडी उभी करून उचला. क्लच घसरतो, जळका वास येतो, म्हणजे आधीच्या मालकानेही बरंच ओढलंय.

6. मागचा हुक रुतलेली गाडी काढायचा आहे की ट्रेलरचा, हे मेकॅनिकला विचारा. दोन्ही एक नसतात.

कागद

वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, कर्ज आहे का, इन्शुरन्स, चलन, सगळं बघा. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म 35, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, पण इथला टॅक्स आणि नवी नोंदणी धरून किंमत काढा. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारता येत नाही. ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, इन्शुरन्सही लागतो. धंद्यासाठी ट्रेलर ओढणार आहे, हे कंपनीला आधीच सांगा आणि उत्तर लेखी घ्या.

त्या मुलाने शेवटी थार सोडली. चार लाखांच्या आत एक जुनी कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह घेतली, पिवळ्या पाटीची. म्हणजे सिझनला आंब्याच्या पेट्यांचं भाडंही मारता येतं. 40,000 रुपये दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. टाकी 1000 ऐवजी 500 लिटरची केली. फेऱ्या वाढल्या, पण उतारावर गाडी ताब्यात राहते. फोनवर म्हणाला, "सर, मित्र हसतात, डबा घेतला म्हणून." मी म्हटलं, हसू दे. आईचे दागिने घरी आले की त्यांनाही जेवायला बोलव.

तुमचा गृहपाठ: आज वही घ्या आणि मागच्या वर्षातले असे दिवस मोजा, ज्या दिवशी साधी गाडी अडली असती. तो आकडा हातात आल्याशिवाय एकही गाडी बघायला जाऊ नका.