ना ॲप, ना इंटरनेट: टीबीच्या गोळ्यांची नोंद एका कॉलवर

'तुमची टीबीची गोळी घ्यायची वेळ झाली!' घरातले सगळे वापरतात त्या फोनवर असं नोटिफिकेशन आलं तर? टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांत आजाराइतकीच भीती असते ती 'लोकांना कळेल' याची. अशा ठिकाणी टेक्नॉलॉजी कशी असावी? भारतात टीबीसाठी वापरलेली '९९डॉट्स' ही पद्धत त्यासाठी बघण्यासारखी आहे.

अडचण काय होती?

साध्या टीबीचा उपचार साधारण ६ महिने चालतो. थोडं बरं वाटलं की काही जण गोळ्या सोडतात. मग आजार उलटतो, कधी कधी तर नेहमीची औषधं लागूच पडत नाहीत. म्हणून 'डॉट्स' पद्धतीत पेशंटने दुसऱ्या कुणासमोर, बहुतेकदा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, गोळी गिळायची असते. पण त्यासाठी केंद्रावर चकरा मारायच्या, मजुरी बुडवायची, आणि तिथे कुणी ओळखीचं भेटलं की गावभर बोभाटा!

९९डॉट्स कसं चालतं?

गोळ्यांच्या पाकिटाला एक छापील कागदी वेष्टण असतं. गोळी बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. कुठल्या गोळीमागे कुठला नंबर आहे, हे पेशंटला आधी कळत नाही. सिस्टिमला मात्र माहीत असतं. त्या नंबरवर आपल्या मोबाइलवरून कॉल करायचा. त्याचे पैसे लागत नाहीत. झाली आजची नोंद! साधा बटणांचा फोनही पुरतो आणि स्क्रीनवर आजाराचं नाव कुठेच येत नाही.

मर्यादा कुठे?

कॉल आला म्हणजे गोळी पाकिटातून निघाली, एवढंच कळतं. ती पोटात गेली का, हे कळत नाही. उलट गोळी घेतली, पण रेंज नव्हती किंवा नवरा फोन घेऊन कामावर गेला, तर कॉल राहून जातो. म्हणून नोंद दिसली नाही की दरडावायचं नाही, आधी विचारपूस करायची.

पण विचारपूस करायला लावलेला फोन सासूबाईंनी उचलला तर? 'टीबी केंद्रातून बोलतोय' म्हणायचं का? हे डिझाइन करतानाच ठरवायला हवं, आणि तेही पेशंटला विचारून. फोन कुणाकडे असतो, कॉल कधी करायचा, काय बोललेलं चालेल, हे प्रश्न स्क्रीनच्या रंगांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

तुम्ही काय कराल?

- अँड्रॉइडवर नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवरचा खासगी मजकूर लपवा. आयफोनवर प्रिव्ह्यू फक्त अनलॉक केल्यावर दिसेल असं ठेवा.
- रिमाइंडरला औषधाचं किंवा आजाराचं नाव देऊ नका. 'पाणी पी' एवढंही पुरतं.
- घरातल्या कुणाच्या फोनवर हेल्थ ॲप टाकून देणार असाल, तर आधी विचारा: 'हा फोन अजून कोण बघतं?'