गारठ्यात बोटे पांढरी पडतात का?

पौषातली पहाट. धाडच्या शिवारात गव्हाला ओलित चालू आहे. रात्रीच्या पाळीची वीज, पाण्यात हात आणि अंगावर झोंबणारा गारठा. अशा वेळी कुणाची दोन-तीन बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, बधिर होतात, मग निळसर दिसतात. ऊब मिळाली की लाल होऊन ठणकू लागतात. घरात कोणी म्हणते वात, कोणी म्हणते रक्त कमी.

वाचकहो, याला रेनॉचा विकार म्हणतात. फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनॉ यांनी १८६२ साली त्याचे वर्णन केले. थंडीत अंगातली ऊब राखण्यासाठी बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. काहींच्या त्या फाजील आवळतात आणि बोटांत रक्तच पोचत नाही.

बहुधा हा विकार तरुणपणी, विशेषतः बायकांत सुरू होतो. दोन्ही हातांना सारखा होतो, जखम होत नाही. असा असेल तर घाबरू नका. पण चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाला, एकाच हाताला होतो, बोटाच्या टोकाला जखम किंवा काळा डाग पडला, कातडी ताठ झाली किंवा सांधे सुजले, तर दवाखाना गाठा. डॉक्टर मनगटाची नाडी व नखाच्या कडेच्या रक्तवाहिन्या पाहतात, रक्त तपासतात. बिडी ओढणाऱ्यांत रक्तवाहिन्या बुजून बोट गमावण्याची पाळी आणणारा बर्गरचा रोगही अशाच तक्रारीने सुरू होऊ शकतो.

बोटे पांढरी पडली की काय कराल? ओले हात पुसा, काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. शेकोटीवर मात्र धरू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, आणि भाजलेली जखम लवकर भरत नाही.

नुसते हातमोजे पुरत नाहीत. कानटोपी, स्वेटर घालून सारे अंग उबदार ठेवा. पाण्यात काम करताना रबरी मोजे घाला. बिडी-तंबाखू सोडा, कारण त्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. रक्तदाबाच्या व अर्धशिशीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका. एवढ्याने भागले नाही, तर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या निफेडिपिनसारख्या गोळ्या डॉक्टर देतात.

कोणते बोट, किती वेळ, कशाने, एवढे वहीत टिपून न्या. डॉक्टरांचे निम्मे काम तिथेच होईल.