मोठी टाकी, खादाड मासे आणि फिल्टरचा हिशेब

काचकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंकडे हल्ली सहा-सहा फुटी फिशटँकच्या ऑर्डरी येतात. हॉटेलचा काउंटर, डॉक्टरांचा दवाखाना, बंगल्याचा दिवाणखाना, सगळीकडे टाकी हवी असते. काच कापणे, सिलिकॉनने जोडणे, स्टँड वेल्ड करणे यांत आपले लोक कोणाला हार जाणार नाहीत. घोडे अडते ते फिल्टरपाशी. ‘ते ग्राहकाने बघावे’ असे म्हणून हात झटकले, तर नुकसान शेवटी आपल्याच माथी येते.

आमच्या परिचयाच्या एका बुजुर्ग कारागिराचेच पाहा. त्यांनी एका उपाहारगृहासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी केली. मालकाने तीत सहा ऑस्कर सोडले आणि स्वतःच एक कॅनिस्टर फिल्टर आणला. खोक्यावर लिहिले होते, ‘७०० लिटरपर्यंत’. दोन महिने सारे ठीक चालले. मग पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, ती सकाळी आली. फिल्टर सुरू झाला आणि दुपारपर्यंत चार मासे उताणे पडले. मालक म्हणाला, “चाचा, तुमच्या सिलिकॉनमध्येच विष असणार.” टाकीची उरलेली रक्कम अडकली.

सिलिकॉन बुरशीनाशक घातलेले असेल तर मासे मरतात, हे खरे. म्हणून तसले सिलिकॉन वापरूच नये. पण इथे मासे दोन महिने जगले होते. दोष दुसरीकडे होता.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि गोल्डफिशसुद्धा, हे मासे भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात. ऑस्कर तर घास चघळून निम्मा कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घाणीतून आणि माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असते आणि मासा मात्र गुदमरतो. फिल्टरमधील स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे खरा फिल्टर मोटर नव्हे, ते जिवाणू होत. त्यांना प्राणवायू लागतो. बंद डब्यात पाणी कित्येक तास थांबले की ते मरतात, डब्यात साठलेली घाण सडते आणि वीज आली की तेच पाणी टाकीत जाते. उपाहारगृहात असेच झाले असणार.

आता हिशेब. ६ × २ × २ म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणून ६८० लिटर. वरची दोन इंच रिकामी सोडली तर ६२० धरा. अशा माशांसाठी हे पाणी तासाला सहा ते आठ वेळा फिरावे, म्हणजे तासाला ३७०० ते ५००० लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. साडेचार फूट चढ आणि दोन-तीन एल्बो लागले की तो निम्म्यावरही येतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये, बादली लावून मोजावे. २० लिटरची बादली १८ सेकंदांत भरली तर तासाला ४००० लिटर झाले.

वाळूखाली बसणारा फिल्टर या माशांना चालत नाही. ते वाळू उकरतात, शिवाय खाली घाण बसून तो तुंबतो. एकट्या कॅनिस्टरवर भिस्त ठेवायची तर दोन घ्यावेत आणि दर दोन-तीन आठवड्यांनी उघडून धुवावेत. आमची पसंती संपला. संप म्हणजे हरताळ नव्हे, स्टँडखाली ठेवलेली दुसरी टाकी! ४ × १.५ × १.५ फुटी पुरे. आधी घाण अडवायला स्पंज व फिल्टर लोकर, मग सिरॅमिक किंवा बायो बॉल, शेवटी मोटर. ती उघडी असते, हवा लागते आणि आपल्याच कारागिराला बनविता येते. स्वस्तात करायचे तर भांडी घासायचे प्लॅस्टिकचे नवे, साबण नसलेले स्क्रबरही जिवाणूंना चालतात.

मात्र एक घात इथे दडलेला आहे. वरच्या टाकीची लांबी-रुंदी १२ चौरस फूट, म्हणजे एक इंच पाणी २८ लिटर. परतीच्या पाइपाचे तोंड चार इंच बुडालेले असेल, तर वीज जाताच उलट ओढीने ११० लिटरहून अधिक पाणी खाली येईल आणि संपमध्ये आठ इंच चढेल. संप आधीच भरलेला असेल तर सगळे फरशीवर. म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडावे, ते अधूनमधून साफ करावे आणि संपमध्ये जागा मोकळी सोडावी. ग्राहकासमोर स्विच बंद करून दाखवावा, मगच पैसे मागावेत. भारनियमनाच्या भागात बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर सोबतच विकावा.

उद्घाटनाच्या दिवशीच सगळे मासे हवेत, असा हट्ट ग्राहक धरतो. नव्या फिल्टरमध्ये जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, हे आधीच सांगावे. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात धुवावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारतो. आणि नायट्रेट असला फिल्टर काढत नाही. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावेच लागते, तेही क्लोरीन घालवून. दोनशे लिटर बादल्यांनी कोण उपसणार? तळाशी निचऱ्याचा कॉक बसवून द्या, त्याचे वेगळे पैसे लावा.

चाचांनी त्याच स्टँडखाली संप बसवून दिला. नवे मासे सोडायला मालकाला पाच आठवडे थांबवले, तो कुरकुरला. बाकी रक्कम दोन हप्त्यांत मिळाली. आता ते कोटेशनमध्ये फिल्टरची ओळ टाकीच्या आधी लिहितात.