एका खाटेचा हिशेब

पाचगणीच्या एसटी स्टँडवर एकट्याने उतरलेल्या माणसाला खोली मिळणं पूर्वी फार जिकिरीचं होतं. लॉजवाला भाडं खोलीचं सांगायचा आणि खोली धरलेली असायची जोडप्यासाठी किंवा कुटुंबासाठी. एकटा तरुण दिसला की काउंटरवरून पहिला प्रश्न यायचा, ‘फॅमिली नाही का?’ एकटी मुलगी असेल तर प्रश्न वाढत जायचे. दोघांचं भाडं भरायची तयारी नसेल, तर पसरणी घाट उतरून वाईला मुक्काम करणं एवढाच मार्ग उरायचा. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि बोर्डिंग शाळांतल्या मुलांना सोडायला-न्यायला पालक येतात ते दिवस, या काळात तर विचारायची सोयच नव्हती.

बुकिंगच्या वेबसाइट्सनी स्वस्तात फिरणाऱ्यांसाठी काय केलं, हे या अनुभवाशी ताडून पाहिलं की नीट कळतं. लोक सवलतीचं कौतुक करतात. माझ्या मते सवलत ही दुय्यम गोष्ट आहे. खोलीऐवजी एक खाट विकता येऊ लागली, हा खरा बदल आहे.

आपल्याकडच्या मोठ्या साइट्सचा पाया वेगळा होता. मेकमायट्रिप 2000 साली सुरू झाली ती विमानाच्या तिकिटांवर. हॉटेलचा व्यवहार सुरू झाला तेव्हाही मोजमाप खोलीचंच राहिलं: किती खोल्या, किती माणसं. याउलट 1999 साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या हॉस्टेलवर्ल्डने हॉस्टेलमधली खाट विकण्यावरच धंदा उभा केला. भारतात 2013 साली झोस्टेल सुरू झालं, पुढे त्यांची शाखा पाचगणीतही आली, आणि ‘डॉर्ममधली एक खाट’ हा पर्याय मराठी घरांतल्या मुलामुलींच्या बोलण्यात रुळला.

पडद्यामागचं काम किचकट आहे. आठ खाटांची डॉर्म म्हणजे मालकाच्या लेखी विकायच्या आठ वस्तू. त्या एकाच वेळी चार साइट्सवर दिसतात. एका साइटवर एक खाट गेली की बाकी तिन्हीकडे आकडा लगेच सातवर यायला हवा. हे काम ‘चॅनेल मॅनेजर’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते नसेल आणि मालक हाताने आकडे बदलत असेल, तर लॉन्ग वीकेंडला एका खाटेवर दोन पाहुणे येतात आणि रात्री दहा वाजता वाद होतो. फक्त मुलींसाठीची डॉर्म वेगळी मोजावी लागते. सहा मैत्रिणींनी अख्खी डॉर्मच मागितली तर सगळ्या खाटा एकदम बंद कराव्या लागतात.

त्यावर रिव्ह्यूची भर. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, लॉकरला कुलूप लागतं का, रात्री स्टँडपासून चालत येण्याजोगा रस्ता आहे का, हे आधी राहून गेलेल्या मुलीने लिहिलेलं वाचायला मिळणं ही एकट्या मुलीसाठी मोठी गोष्ट आहे. काउंटरवरच्या चौकशीतून तिची बरीचशी सुटका झाली.

आता पैशांचं पाहू. साइट मालकाकडून कमिशन घेते, साधारण पंधरा टक्के आणि पुष्कळदा त्याहून जास्त. समजा खाट 600 रुपयांची आहे. वीस टक्क्यांनी 120 रुपये गेले. उरलेल्या 480मध्ये चादरी धुणं, गीझर, झाडलोट, पगार हे सगळं भागवायचं. पाच हजारांच्या खोलीतून हजार गेले तरी चार हजार हातात राहतात. टक्का तोच, पण चादर धुवायचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा. म्हणून कमिशनचा भार सर्वांत स्वस्त खाटेवर सर्वांत जड पडतो.

करातही एक बारकावा आहे. रात्रीला हजार रुपयांपर्यंतच्या निवासावर 18 जुलै 2022 पूर्वी जीएसटी नव्हता. त्या दिवसापासून 12 टक्के लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. छोट्या, नोंदणीची गरज नसलेल्या घरगुती मालकाकडे थेट गेलात तर हा कर लागत नाही. त्याचीच खोली साइटवरून घेतली की कर साइटला भरावा लागतो आणि तो तुमच्या बिलात येतो. म्हणजे फोनवर ठरवलेला दर कमी असणं अनेकदा सरळ, कायदेशीर असतं.

तरीही मालक स्वतःहून कमी दर जाहीर करायला कचरत, कारण काही करारांत ‘आमच्यापेक्षा स्वस्त कुठेही देऊ नका’ अशी अट असे. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा मेकमायट्रिप-गोआयबीबोची ही दराची अट आक्षेपांच्या केंद्रस्थानी होती. कंपन्या अपिलात गेल्या. माझ्या दृष्टीने आयोगाची भूमिका रास्त होती. स्वतःच्या खाटेचा दर ठरवायचा हक्क मालकाकडेच राहायला हवा.

नकाशा मात्र नीट पाहावा. साइटवर ‘पाचगणी’ म्हणून दिसणाऱ्या अनेक जागा आसपासच्या गावांत असतात. भिलारचंच घ्या. मे 2017 मध्ये ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत पुस्तकं आहेत आणि पुष्कळ घरांत राहण्या-जेवणाची सोयही आहे. पिठलं-भाकरीसकट मुक्काम इतक्या आपुलकीने क्वचितच कुठे मिळतो. पण भोसे खिंडीतून आत जायला गाडी नसेल, तर टॅक्सीचं भाडं खाटेच्या बचतीपेक्षा जास्त होतं. त्यामुळे एसटीने जाणाऱ्याने आधी अंतर पाहावं, मग दर. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर शे-दोनशे रुपये वाचतात म्हणून ‘पैसे परत नाहीत’ हा पर्याय घेऊ नये. पावसात दरड आली की घाट बंद होतो, आणि त्या बुकिंगचे पैसे मिळतील याची खात्री कुठलीच साइट देत नाही.