बेल वाजते, दार उघडत नाही

अकोल्याहून बाबांचा फोन: "बाबू, रिपोर्टमंदी इन्सुलिन भरपूर हाये, मंग गोळी कायले खाऊ?"

इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीच्या स्निग्ध पडद्यातून ते थेट आत जाऊ शकत नाही. म्हणून बाहेरूनच रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो, निरोप पुढे जातो आणि स्नायूपेशी साखर आत घेणारी ग्लूट-4 ही दारं पडद्यावर आणते.

बाबांची बेल वाजते, आतली वायर कमजोर. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. बाबा बारीक आहेत, तरी! पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक सांगतात तेच: भारतीय अंग बारीक दिसलं तरी आत चरबी जास्त असू शकते.

म्हटलं, "बाबा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. अन् रोज चाला. चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही दार उघडतात."