लिथियम, मीठ आणि सोलापूरचा उन्हाळा

भावविकाराने पीडित मुलाच्या उपचारात औषधाची निवड हा वैद्याचा अधिकार होय. परंतु ते औषध घरच्या दिनक्रमात नीट बसविण्याचे काम आईबापांनाच करावे लागते. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या कामाचा, तोही लिथियम या एकाच औषधापुरता, विचार करावयाचा आहे.

उन्मादावरील लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत, मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांनी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरल्याने काही जण दगावले. दोन्ही घटना स्वतंत्र होत्या, तरी पहिलीतील धोका दुसरीने उघड केला असे म्हणावयास हरकत नाही. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करीत नाही. शरीरातील मीठ घटले की ते सोडियम राखू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही राखले जाते. गोळ्या तेवढ्याच, परंतु रक्तातील प्रमाण मात्र चढत जाते. हे प्रमाण सामान्यतः दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात; १.५ च्या पुढे विषबाधा संभवते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत भर दुपारी खेळून आलेला मुलगा ओकू लागला, त्याचे हात थरथरू लागले, पाऊल अडखळले, तर घरातील वडीलधारी माणसे 'ऊन लागले' असाच निर्णय देणार. पन्हे दिले जाते, कपाळावर ओली घडी ठेवली जाते आणि रात्रीची गोळीही न चुकता दिली जाते. कारण गोळी चुकवू नये हेच पालकांच्या मनावर बिंबविलेले असते. एरव्हीचा हा सद्गुण त्या रात्री घातक ठरू शकतो. अशा वेळी पुढील गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास हवे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळीही लिथियमचे प्रमाण वाढविते, हे फारच थोड्या पालकांना सांगितले जाते.

पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने एकादशीचा प्रश्न येथे हमखास निघतो. उपवासाचे सैंधव चालते, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. निर्जळी उपवास मात्र या मुलांना करू देऊ नये.

याउलट, मूल महिनोन्महिने चांगले राहिले म्हणून गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे हीही चूकच. तसे केल्यास उन्माद उलटण्याचा संभव वाढतो. त्याची पहिली चाहूल बहुधा झोपेत लागते: मूल तीनचार तासच झोपते, तरी थकत नाही. सुटीत गच्चीवर उशिरापर्यंत गप्पा रंगतात, तेव्हा हा फरक ओळखणे कठीण जाते.

म्हणून घरी एक साधी वही असावी. तीत गोळीची वेळ, झोपेचे तास, ताप वा जुलाब आणि रक्ततपासणीचा आकडा एवढेच लिहावे. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. सकाळची गोळी घेऊन गेल्यास आकडा फसवा येतो. मूल पंधरासोळा वर्षांचे झाले की गोळी आईने द्यावी आणि नोंद त्याने स्वतः करावी. पुढे काही महिन्यांनी गोळीही त्यानेच घ्यावी व वही आईने केवळ पाहावी.